मामाच्या पुस्तकातला उलटा एसी

प्रश्न थोडक्यात असा. शाहूपुरीतले पाच मित्र, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एकाला मामाकडून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, गप्पांतून साहस रंगवायच्या खेळाचं १९८९ सालचं खेळाडूंचं पुस्तक मिळालं, दुसऱ्यानं नवं विकत आणलं. जुन्यात चिलखत जितकं जड तितका एसीचा आकडा लहान, नव्यात बरोबर उलटं. ‘दादा, ही छपाईची चूक आहे काय? आणि सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?’

चूक नाही रे. मामानं दिलेलं पुस्तक अस्सल आहे, आणि त्यातला उलटा आकडा हीच त्यातली सगळ्यात जुनी गोष्ट आहे. मी २००३ पासून राजारामपुरीतल्या एका गच्चीवर हा खेळ चालवतोय, दर दुसऱ्या रविवारी. एवढ्या वर्षांत हा प्रश्न निदान तीस जणांनी विचारला असेल, त्यामुळं जरा सविस्तरच सांगतो.

एसी म्हणजे आर्मर क्लास, समोरच्याचा वार तुला लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा. (टेबलावर नवीन आलेला प्रत्येक गडी एकदा तरी ‘एसी किती टनाचा?’ विचारतोच. तो विनोद आता तुमच्या हवाली.) त्यातला ‘क्लास’ हा शब्द बघ. रेल्वेच्या डब्यासारखं समज, फर्स्ट क्लास हा सेकंड क्लासपेक्षा भारी. मला तरी तो उलटा आकडा असाच लक्षात राहिला. खेळाच्या दोन जनकांपैकी डेव्ह आर्नेसन पुढं मुलाखतीत सांगायचा की आर्मर क्लास आणि हिट पॉइंट (किती मार सोसून उभा राहतो तो आकडा) या दोन्ही कल्पना त्यानं आपल्याच एका जुन्या खेळातून उचलल्या, आणि तो खेळ होता अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांच्या लढाईचा. म्हणजे तुझा शूर योद्धा मुळात एक आगबोट आहे.

१९७४ च्या पहिल्या नियमांत अंगावर काहीच नसेल तर एसी ९, कातडी चिलखत ७, साखळ्यांचं ५, पत्र्याचं ३, आणि पत्र्यासोबत ढाल असेल तर २. तुझ्या १९८९ च्या पुस्तकात उघड्या अंगाला १० आहे, बाकी तऱ्हा तीच. त्या पुस्तकात थॅको नावाचा आणखी एक आकडा दिसेल. एसी ० असलेल्याला लागायला वीसपैलू फाशावर किती पडायला हवेत, तो हा आकडा. पूर्वी प्रत्येक वाराला तक्ता उघडावा लागायचा, तो तक्ता या पुस्तकानं एका आकड्यात बसवला. थॅकोतून समोरच्याचा एसी वजा कर, उरेल तेवढं किंवा जास्त पडायला हवं. पाचव्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पाचव्या पायरीवरच्या, फायटरचा थॅको १६, समोर साखळ्यांचं चिलखत म्हणजे ५, तर ११ पाहिजेत.

आता तेच नव्या पद्धतीनं कर. थॅको आणि एसी दोन्ही २० मधून वजा कर. १६ चे झाले +४, ५ चे झाले १५. फासा टाक, ४ मिळव, १५ झाले की लागला. म्हणजे पुन्हा ११ च पडायला हवेत! गणित तसूभरही बदललेलं नाही, फक्त वजाबाकीची बेरीज झाली. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं हा बदल केला तेव्हा जुने गडी भडकले होते. माझ्या मते तो या खेळातला सगळ्यात शहाणा बदल. रात्री साडेअकराला, पोटात पांढरा रस्सा असताना, वजाबाकी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण मग ही साधी गोष्ट सुचायला २६ वर्षं का लागली? इथं नियमांचं पुस्तक जरा बाजूला ठेव आणि गल्ला बघ. या खेळाचा कुठलाही नियम समजून घ्यायचा असेल तर त्या साली छापणाऱ्याच्या घरात काय चाललं होतं ते आधी बघावं लागतं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सनं १९७१ मध्ये जेफ पेरनबरोबर ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले. शिशाचे सैनिक टेबलावर मांडून खेळायचे नियम, मागं जादूगार आणि राक्षसांची एक पुरवणी जोडलेली. तिकडं मिनेसोटात आर्नेसननं ‘ब्लॅकमूर’ नावाचा वेगळाच प्रकार सुरू केला होता. एका खेळाडूकडं अख्खं सैन्य नाही, एकच माणूस. तो तळघरात उतरतो, मरतो किंवा शिकून वर येतो, आणि पुढच्या वेळी तोच माणूस पुढं चालतो. दोघांचं जुळलं. १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी टीएसआर ही कंपनी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांचा डबा बाजारात आला. किंमत १० डॉलर, प्रती १०००, आणि डबे घरीच बसून भरलेले.

त्या पुस्तिका आज वाचल्यास तर डोकं धरशील. लढाई कशी करायची तर ‘चेनमेल’ बघा, नाहीतर हा दुसरा मार्ग बघा. तो दुसरा मार्ग म्हणजेच वीसपैलू फासा आणि उतरता एसी. पुढं जगभर चालला तो हा पर्यायच. सगळी हत्यारं एकसारखी, सहापैलू फासा. खंजीर घे नाहीतर दोन हातांची तलवार घे, इजा तेवढीच. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीनं हत्यारागणिक वेगळी इजा आणली आणि चोर हा पात्राचा वर्गही तिथंच आला. याच काळातल्या हॉबिटांना १९७७ च्या सुमारास नावं बदलावी लागली, टोल्किनच्या हक्कदारांचा आक्षेप आल्यावर. हाफलिंग हा शब्द तुमच्या दोन्ही पुस्तकांत आहे तो त्यामुळं.

आता मामाच्या पुस्तकाच्या कव्हरवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा शब्द बघ. बहुतेकांना वाटतं की म्हणजे वरच्या इयत्तेचं. काही अंशी खरंही आहे. विखुरलेले नियम गोळा करून गायगॅक्सनं १९७७ ते १९७९ मध्ये तीन जाड पुस्तकं काढली, राक्षसांचं, खेळाडूंचं आणि डंजन मास्टरचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं. पण त्यासोबत कंपनीची भूमिका अशी झाली की हा वेगळाच खेळ आहे, सबब आर्नेसनला याची रॉयल्टी लागू नाही. १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. दरम्यान ‘बेसिक’ नावाचा सोपा डबा वेगळा चालू राहिला. १९७७ चा एरिक होम्सचा, १९८१ चा टॉम मोल्डव्हेचा, १९८३ चा फ्रँक मेंट्झरचा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, थोडे थोडे वेगळे दोन खेळ वर्षानुवर्षं शेजारी शेजारी विकले गेले. अशा घरात एसी सरळ करायला कोण जाणार? जुनी सगळी पुस्तकं एका फटक्यात रद्दी झाली असती.

१९८५ मध्ये गायगॅक्सचाच कंपनीवरचा ताबा गेला. त्यामुळं तुझ्या १९८९ च्या पुस्तकाचा मुख्य लेखक डेव्हिड कुक आहे, गायगॅक्स नाही. आणखी एक गंमत कर. त्या पुस्तकात हाफ-ऑर्क ही जमात आणि असॅसिन हा मारेकऱ्याचा वर्ग शोध. नाही सापडणार. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळानं पोरं सैतानाच्या नादी लागतात असा आरडाओरडा झाला होता, आणि कंपनीनं नव्या आवृत्तीत जरा सोवळं नेसलं. डेमन आणि डेव्हिल यांची नावंसुद्धा बदलून तनारी आणि बाटेझू केली. राक्षस तेच, आधार कार्ड नवीन. (आपल्याकडं आज्जीनं मला एकदाच विचारलं होतं, ‘पैसं लावून खेळत नाहीस न्हवं?’ नाही म्हटल्यावर तिनं गच्चीवर चहा पाठवायला सुरुवात केली.)

पुढचं भराभर सांगतो. नव्वदच्या दशकात टीएसआरनं इतकी वेगवेगळी जगं छापली की एका जगाचा गिऱ्हाईक दुसऱ्याचं पुस्तक घेईना. वितरकाकडून न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे परत आले, देणी थकली, आणि १९९७ मध्ये पत्त्यांच्या खेळावर श्रीमंत झालेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टनं कंपनी विकत घेतली. १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅसब्रोनं घेतलं. नव्या मालकाला जुन्या साठ्याची फिकीर नव्हती, म्हणून २००० मध्ये एसी सरळ झाला. त्याच वेळी त्यांनी ओजीएल नावाचा परवाना दिला. आमचे मूळ नियम घ्या, त्यावर तुमची पुस्तकं छापा आणि विका. याच परवान्यावर पुढं लोकांनी बंद पडलेल्या जुन्या आवृत्त्या कायदेशीरपणे पुन्हा जिवंत केल्या. २००८ ची चौथी आवृत्ती बऱ्याच जणांना रुचली नाही तेव्हा पायझो या कंपनीनं २००९ मध्ये त्याच परवान्याच्या आधारानं पाथफाइंडर काढला आणि मूळ मालकाच्याच गिऱ्हाइकांना पळवलं. मग २०१४ ची पाचवी, २०२४ ची तिची सुधारलेली आवृत्ती. मधे जानेवारी २०२३ मध्ये कंपनी हा परवाना बदलून टाकणार असा मसुदा बाहेर फुटला, जगभरचे खेळाडू खवळले, आणि महिन्याच्या आतच कंपनीनं माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकले. तुमच्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातली ही सर्वात कामाची तारीख. खेळायला पुरेल एवढा नियमसंच आता फुकट आणि कायदेशीर आहे, त्याचं मराठी भाषांतर करून वाटलंत तरी श्रेय दिलं की झालं.

आता आपल्या गावचा विषय. कोल्हापुरात या खेळाला बसलेला नवा गडी पहिल्या लढाईत तलवार उपसत नाही. तो म्हणतो, ‘मी ह्याला धरतो.’ वीस वर्षांत याला अपवाद थोडे. त्यामुळं इथल्या वस्तादाला कुस्तीचे नियम पाठ पाहिजेत. (डंजन मास्टरला आम्ही वस्तादच म्हणतो. तालमीतला वस्ताद स्वतः आखाड्यात उतरत नाही, पण कुणाची जोड कुणाशी लावायची ते त्याच्या हातात असतं.) आणि या खेळाच्या लेखकांना गेली पन्नास वर्षं नेमकी कुस्तीच जमलेली नाही.

१९७९ च्या पुस्तकात धरपकडीसाठी शेकडेवारीचा असा काही गुंता आहे की तो वाचून होईपर्यंत समोरचा घरी जाईल. मामाच्या पुस्तकात कुस्तीचा एक तक्ता आहे, तो जरूर वाच. तिथं पैलवान डाव निवडतच नाही. फाशावर जो आकडा पडेल त्यावरून ठरतं की मिठी पडली, की पाय अडकला, की डोकं बगलेत आलं. खासबागच्या तांबड्या मातीत कुणी सांगितलं असतं की ‘डाव आकड्यावरून लागतो’, तर लोकांनी त्याला खांद्यावरून नाही, दंडाला धरून बाहेर काढला असता. तिसऱ्या आवृत्तीत आधी समोरच्याला फुकटचा वार द्यायचा, मग स्पर्शाचा फासा, मग ताकदीचा फासा, मग त्याच्या चौकोनात सरकायचं. त्यावर आमच्या गच्चीवर झालेली भांडणं शेजाऱ्यांना अजून आठवतात. २०१४ मध्ये एकदाचं सोपं झालं, दोघांनी फासे टाकायचे, जास्त तो जिंकला. २०२४ मध्ये आणखी सोपं. धरणाऱ्यानं ८ अधिक ताकदीचा बोनस अधिक प्रावीण्याचा बोनस एवढा आकडा सांगायचा, समोरच्यानं सेव्ह करायचा, म्हणजे फासा टाकून तेवढा किंवा जास्त आकडा आणायचा. ताकदीनं सुटायचं की चपळाईनं, ते सुटणाऱ्यानं ठरवायचं.

तरीही एक खोट राहिलीच. धरल्यावर त्याचा वेग शून्य होतो आणि धरणाऱ्याशिवाय दुसऱ्यावरचे त्याचे वार अवघड होतात, एवढंच. आमच्या भाषेत नुसता कबजा घेतला, चीत कुठं केला? म्हणून आमचा घरगुती नियम: कबजा घेतल्यावर पुढच्या पाळीत पुन्हा धरायचा प्रयत्न कर, समोरचा सेव्ह चुकला तर तो चीत. चीत म्हणजे पुस्तकातली ‘रिस्ट्रेन्ड’ अवस्था, त्याचे वार अवघड आणि त्याच्यावरचे सोपे. आणि खेळाडूनं डावाचं नाव घेतलं पाहिजे. ‘मी पट काढतो’, ‘मी ढाक लावतो’. नाव न घेता नुसता फासा टाकला तर वस्ताद ढिम्म बसतो. हा नियम आणल्यापासून कुस्तीला कमी वेळ लागतो आणि मजा जास्त येते.

फाशांचं म्हणशील तर सुरुवातीला आमच्याकडं नव्हतेच. हाउजीच्या सोंगट्यांतल्या १ ते २० काढून थैलीत घातल्या आणि फाशाऐवजी त्या ओढायचो. पुढं कळलं की १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा टीएसआरनंही बेसिकच्या डब्यात फाशांऐवजी आकड्यांच्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या होत्या. मला तेव्हा फार बरं वाटलं. सोंगटी ओढली की परत थैलीत टाकायची, हे मात्र विसरू नका. आमचा एक गडी २० ची सोंगटी मुठीतच ठेवायचा, ते तीन महिन्यांनी उघडकीला आलं.

नंतर उद्यमनगरात कामाला असलेल्या एका मित्रानं पितळेचा वीसपैलू फासा करून द्यायचा चंग बांधला. लगतच्या दोन पैलूंमधला कोन १३८.१९ अंश यायला हवा. डिव्हायडिंग हेडवर लावून त्यानं चार रविवार घालवले. फासा देखणा झाला, पण दर चार वेळेला एकदा ७ च. अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. प्लास्टिकचे फासे विकत घ्याल तर एकदा मिठाच्या दाट पाण्यात सोडून बघा. फासा तरंगला की टिचकी मारून फिरवायचा, दर खेपेला तोच पैलू वर येत असेल तर आत पोकळी आहे.

मग सुरुवात कशानं? नव्या आवृत्तीच्या फुकट नियमांनी. दोन वीसपैलू फासे टाकून मोठा धरायचा, ही ‘अ‍ॅडव्हान्टेज’ची एक युक्ती जुन्या पुस्तकातल्या पानभर अधिक-उण्याच्या याद्यांपेक्षा भारी आहे. २० पडायची शक्यता ५ टक्क्यांवरून ९.७५ वर जाते, आणि गड्याच्या हातात दोन फासे आले की चेहरा बदलतो तो वेगळाच. आकडेही आवाक्यात राहतात. प्रावीण्याचा बोनस पहिल्या लेव्हलला +२, विसाव्याला +६, बस. तिसऱ्या आवृत्तीत फायटरचा बोनस +१ पासून +२० पर्यंत जायचा, तेव्हा वरच्या लेव्हलला खालचे राक्षस म्हणजे नुसता पाचोळा.

पण जुन्यातल्या दोन गोष्टी चोरा, १९८१ च्या बेसिकमधल्या. पहिली, राक्षस भेटला की वस्तादानं दोन सहापैलू फासे टाकायचे. २ पडले तर थेट हल्ला, १२ पडले तर गळ्यात गळा, मधे सगळ्या छटा. दुसरी, मोराल, म्हणजे राक्षसांचा धीर. प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला एक आकडा असतो. त्यांच्यातला पहिला पडला किंवा निम्मे गारद झाले की वस्तादानं पुन्हा दोन फासे टाकायचे, त्या आकड्यापेक्षा जास्त आलं की ते पळतात किंवा शरण येतात. नव्या खेळात प्रत्येक टोळीवाला शेवटच्या थेंबापर्यंत लढतो, आणि तीन तासांतले दोन तास एका हाणामारीत जातात. शिवाय जुन्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे मिळायचे, एका सुवर्णमुद्रेला एक गुण. त्यामुळं शहाणा गडी राक्षसाला न उठवता पेटी पळवायचा. तुम्हाला ते रुचतं का ते चार-पाच रविवार खेळून झाल्यावर ठरवा.

नकाशा काढत बसू नका. आपल्याला पन्हाळा आहे. तीन मजली अंधारबाव, तिची चोरवाट, अंबरखान्याची गंगा-यमुना-सरस्वती कोठारं. एकदा वही घेऊन जा, पावलं मोजा, झालं तळघर तयार. आमच्या टेबलावर फक्त एक पथ्य आहे. जागा पन्हाळ्याची, पण किल्ल्याला नाव वेगळं आणि काळ कुठलाच नाही. सिद्दी जौहरचा वेढा आणि ती १६६० ची रात्र फाशावर ठेवायची नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्याच दिवशी सगळ्यांनी आपोआप पाळलं.

आणि मामाचं पुस्तक शाहूपुरीत तळमजल्यावर ठेवू नकोस. २०१९ च्या पुरात तुमच्याच भागातल्या आमच्या एका गड्याची दोन पुस्तकं लगदा होऊन बाहेर आली. माळ्यावर ठेव. मामाला फोन करून एक विचार, पुस्तकाबरोबर फासेही होते का? कडा झिजलेले, फिक्या रंगाचे आणि आकड्यांत खडू घासलेले असतील तर ते मामाच्या पुस्तकाहूनही जुने असायचे. तसे निघाले तर रविवारी घेऊन ये, मला हातात धरून बघायचेत.